पुस्तके बांधणारा शास्त्रज्ञ : मायकेल फॅराडे

कला शाखेच्या वार्षिक अंकात एका शास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. एक असे की, हा शास्त्रज्ञ विद्यार्थी म्हणून कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढला नव्हता. त्याच्या घरात पैसा नव्हता आणि पुढे शिकवील असे कोणी नव्हते. दुसरे असे की, आपल्या शोधांना नावे देण्याची वेळ आली तेव्हा तो भाषा जाणणाऱ्या पंडिताकडे गेला आणि त्यातून जन्मलेले शब्द आजही आपल्या दहावीच्या पुस्तकात आहेत. वीज साठवणे, पाण्यापासून हायड्रोजन मिळवणे, धूर न करता ऊर्जा निर्माण करणे या कामांसाठी आज जग ज्या विद्येकडे आशेने पाहत आहे, त्या विद्युत-रसायनशास्त्राचा पाया या माणसाने घातला. त्याचे नाव मायकेल फॅराडे.

फॅराडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स या वस्तीत झाला. वडील जेम्स हे लोहारकाम करीत. कामाच्या शोधात ते उत्तर इंग्लंडमधून बिऱ्हाड घेऊन राजधानीकडे आले होते. त्यांची प्रकृती नेहमी बिघडलेली असे आणि ज्या दिवशी भाता बंद, त्या दिवशी कमाईही बंद. १८०१ साली धान्य फार महागले. त्या दिवसांत नऊ-दहा वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याने आठवडाभर पुरवून खायचा, असा घरचा नियम होता. वाचणे, लिहिणे आणि थोडीशी आकडेमोड, एवढेच शिक्षण त्याला शाळेत मिळाले.

१८०४ साली तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून कामाला लागला. गिऱ्हाइकांना वाचायला दिलेली वर्तमानपत्रे घरोघर पोहोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे त्याचे काम. पोराचा प्रामाणिकपणा पाहून रिबोने पुढल्या वर्षी त्याला बुकबाइंडिंग शिकण्यासाठी सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतले. अशा उमेदवारीसाठी मालकाला रक्कम द्यावी लागे; ती रिबोने मागितली नाही. इथे मायकेलचे खरे शिक्षण सुरू झाले. बांधणीसाठी आलेली पुस्तके शिवता शिवता तो वाचू लागला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील विजेवरचा लेख त्याच्या हाती असाच लागला. जेन मार्सेट या विदुषीने संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याने असेच वाचले. तो नुसता वाचत नसे. पुस्तकात लिहिलेले खरे आहे की नाही, हे आपल्या चार पैशांत जमेल तसे करून पाही. पुस्तकाने सांगितले म्हणून मानायचे नाही, ही सवय त्याने इथेच लावून घेतली आणि ती जन्मभर टिकली.

१८१० साली वडील वारले. त्याच साली जॉन टेटम या गृहस्थांच्या घरी विज्ञानावर व्याख्याने होतात, असे त्याला कळले. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग होती. मायकेलजवळ शिलिंग नव्हता. तो त्याच्या थोरल्या भावाने, रॉबर्टने दिला. रॉबर्टही वडिलांप्रमाणे लोहारच होता. ऐरणीवर घाव घालून मिळवलेला शिलिंग त्याने धाकट्याच्या व्याख्यानासाठी काढून दिला, ही गोष्ट फॅराडेच्या चरित्रात फारशी कोणी ठळकपणे सांगत नाही. मला ती त्याच्या कोणत्याही मानसन्मानापेक्षा मोलाची वाटते. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या परीक्षा फीमागे असाच एखादा भाऊ किंवा बहीण उभी असते.

१८१२ च्या उन्हाळ्यात त्याने स्वतःची पहिली विद्युत-घटमाला तयार केली. अर्ध्या पेनीची तांब्याची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे, एवढेच साहित्य. ही रचना इटलीच्या व्होल्टाने १८०० साली जाहीर केली होती. या एवढ्याशा घटमालेच्या विजेने मायकेलने मॅग्नेशियम सल्फेटचे, म्हणजे जुलाबाच्या मिठाचे, विघटन घडवून आणले. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि पोटासाठी पुस्तके बांधीत होता.

त्याच वर्षी विल्यम डान्स नावाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही त्या काळी कीर्तीच्या शिखरावर होता. १८०७ साली त्याने विजेच्या साहाय्याने सोडियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्ये वेगळी केली होती. मायकेलने ती व्याख्याने मन लावून ऐकली, टिपणे काढली, घरी येऊन ती सविस्तर लिहिली, आकृत्या काढल्या आणि सुमारे तीनशे पानांचे एक पुस्तक स्वतःच्या हाताने बांधले. विज्ञानात कसलेही, अगदी हलके कामही चालेल, अशी विनंती त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना करून पाहिली होती. तिकडून उत्तर आले नाही. मग डिसेंबरात ते बांधलेले पुस्तक त्याने डेव्हीकडेच पाठवले. डेव्हीने त्याला बोलावले, परंतु बुकबाइंडिंगचा धंदा सोडू नये असाच सल्ला दिला. पुढे काही आठवड्यांत प्रयोगशाळेतील मदतनिसाला मारामारीपायी काढून टाकावे लागले आणि १ मार्च १८१३ रोजी ती जागा मायकेलला मिळाली. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या. नशिबाचा भाग यात आहेच. पण जागा रिकामी झाली तेव्हा डेव्हीला कोणाची आठवण यावी, याची तयारी त्या तीनशे पानांनी अगोदरच करून ठेवली होती.

ऑक्टोबर १८१३ पासून एप्रिल १८१५ पर्यंत तो डेव्हीबरोबर युरोपच्या प्रवासात होता. मिलानमध्ये वृद्ध व्होल्टाची भेट झाली. हे त्याचे विद्यापीठच ठरले. पण या विद्यापीठाची फीही त्याने भरली. डेव्हीचा खासगी नोकर प्रवासाला आला नाही म्हणून त्याची कामे मायकेलवर पडली आणि डेव्हीच्या पत्नीने त्याला घरगड्यासारखे वागवले. प्रवास सोडून परत जावे, असे त्याला अनेकदा वाटले. परंतु शिकण्याची ही संधी पुन्हा मिळणार नाही, हे ओळखून त्याने अपमान गिळला. पुढे १८२४ साली रॉयल सोसायटीचा सभासद म्हणून त्याचे नाव आले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत खुद्द डेव्ही होता. फॅराडे निवडून आला. गुरूविषयी त्याने पुढेही आदरच बाळगला.

१८२१ साली त्याचा विवाह सारा बर्नार्ड हिच्याशी झाला आणि त्याच वर्षी विद्युतप्रवाहाने तार चुंबकाभोवती सतत फिरवता येते, हे त्याने दाखवले. आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा तो मूळपुरुष होय. १८२५ साली त्याने बेंझिन शोधले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी चुंबकत्वापासून वीज निर्माण करण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग यशस्वी झाला. आजची बहुतेक वीजनिर्मिती त्याच तत्त्वावर चालते. फॅराडे म्हटले की बहुतेकांना हेच आठवते. परंतु या लेखाचा रोख त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतील कामावर आहे.

द्रवातून वीज गेली की त्यातील पदार्थ वेगळे होतात, हे फॅराडेच्या आधीच माहीत होते. पण किती विजेने किती पदार्थ सुटतो, याचा हिशेब कोणाजवळ नव्हता. १८३३-३४ मध्ये फॅराडेने तो मांडला. सुटणाऱ्या पदार्थाचे वजन हे गेलेल्या विजेच्या प्रमाणात असते, हा पहिला नियम. तेवढीच वीज निरनिराळ्या द्रवांतून सोडली, तर सुटणारे पदार्थ एका ठराविक रासायनिक प्रमाणातच मिळतात, हा दुसरा. जेवढ्या विजेने पाण्यातून १ ग्रॅम हायड्रोजन सुटतो, तेवढ्याच विजेने सुमारे ८ ग्रॅम ऑक्सिजन सुटतो, ३२ ग्रॅमच्या आसपास तांबे बसते आणि चांदीच्या द्रावणातून सुमारे १०८ ग्रॅम चांदी बसते. आठवडी बाजारात एक ग्रॅम सोन्याचे म्हणून जे चकचकीत दागिने मिळतात, त्यांवरचा मुलामा याच नियमाने चढतो. याच काळात त्याला आढळले की, पाण्यातून वाहणारी वीज बर्फातून मात्र जात नाही. उलट सिल्व्हर सल्फाइड हा घन पदार्थ तापवला की वीज अधिक चांगली वाहून नेतो. घन पदार्थातून आयन नेणाऱ्या आजच्या बॅटऱ्यांच्या संशोधनाची सुरुवात सांगताना त्याच्या याच निरीक्षणांपर्यंत मागे जावे लागते.

हे सगळे लिहायचे तर शब्द हवेत. जुने शब्द फॅराडेला नकोसे झाले होते, कारण त्यांतून विजेविषयीच्या जुन्या, न पटलेल्या कल्पना सूचित होत. त्याला ग्रीक येत नव्हते. पण ते लपवण्याची गरज त्याला वाटली नाही. आधी त्याने एका डॉक्टर मित्राला विचारले. मग १८३४ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमधील विल्यम ह्यूवेल या पंडिताला पत्र घातले. फॅराडेची कल्पना अशी होती की, पृथ्वीच्या चुंबकत्वाशी जुळवून प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो असे धरावे आणि सूर्य उगवतो त्या बाजूचे व मावळतो त्या बाजूचे अशी दोन टोकांना नावे द्यावीत. ह्यूवेलने वर जाण्याची वाट या अर्थाचा ॲनोड आणि खाली जाण्याची वाट या अर्थाचा कॅथोड असे दोन शब्द सुचवले. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या कणांसाठी त्याने आयन हा शब्द दिला. त्याचा ग्रीक अर्थ जाणारा असा आहे. मराठीत आपण ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतो, पण आयन मात्र जसाच्या तसा घेतला. तो परका वाटत नाही याचे कारण भाषेचे विद्यार्थी चटकन ओळखतील. संस्कृतातील इ म्हणजे जाणे या धातूपासून अयन शब्द बनतो. उत्तरायणात आणि रामायणात तोच आहे. ग्रीक शब्दाचे मूळही त्याच प्राचीन धातूत आहे. रसायनाच्या पुस्तकातला आयन आणि आजीच्या तोंडचे उत्तरायण ही अशी दूरची भावंडे आहेत.

ह्यूवेल हे शब्द घडवत होता, त्याच सुमारास इकडे मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापून निघाला होता आणि ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण सुरू केले होते. नव्या विद्येला आपल्या भाषेत शब्द कुठून आणायचे, हा प्रश्न आपल्याकडेही तेव्हाच उभा राहिला. म्हणून शास्त्र हे शास्त्रवाल्यांचे आणि भाषा ही कलावाल्यांची, अशी जी वाटणी आपण करतो ती मला पटत नाही.

पुढे १८४० च्या सुमारास अतिश्रमाने फॅराडेची प्रकृती ढासळली. स्मरणशक्ती दगा देऊ लागली. तरीही १८४५ साली प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो, हे त्याने शोधून काढले. नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी त्याने एकोणीस वर्षे व्याख्यानमाला दिल्या. नुसत्या मेणबत्तीवर दिलेली त्याची व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने जगभर वाचली गेली. भरपूर पैसा देणारी व्यापारी सल्ल्याची कामे त्याने संशोधनासाठी सोडून दिली आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा अंत झाला. राष्ट्रपुरुषांच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये नव्हे, तर हायगेटच्या साध्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.

फॅराडेचे चरित्र वाचून कोणी असा अर्थ काढील की, कॉलेजात न जाताही मोठे होता येते, मग कॉलेज कशाला? हा अर्थ मला चुकीचा वाटतो. शिक्षण अपुरे राहिल्याची उणीव फॅराडेला जन्मभर जाणवली. त्याला गणित येत नव्हते. विद्युत आणि चुंबकीय बलरेषांची त्याची कल्पना गणिताच्या भाषेत मांडायला जेम्स क्लार्क मॅक्सवेल यावा लागला. १८५७ साली फॅराडेने या तरुण मॅक्सवेलला पत्र लिहून विचारले होते की, गणितज्ञांना आपले निष्कर्ष आमच्यासारख्यांना समजेल अशा साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत काय. पासष्टीच्या उंबरठ्यापुढे गेलेला जगप्रसिद्ध माणूस आपल्याहून चाळीस वर्षांनी लहान माणसाला हे विचारतो! आणि १८६२ साली शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगापुढे साक्ष देताना शाळांतून विज्ञान शिकवले जावे, असा आग्रह त्याने धरला. स्वतःला जे दार बंद होते, ते पुढच्यांसाठी उघडावे, एवढाच त्याचा अर्थ.

आज ते दार कुठे आहे, हेही पाहिले पाहिजे. आपल्या ढाणकी-उमरखेड भागात विजेचा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येत आली. उसाला, हळदीला ओलीत करायला माणसे अंधारात बांधावर गेली. आता शेतांत सौरपंप दिसू लागले आहेत. पण सूर्य मावळला की सौर वीज संपते. दुपारची वीज रात्रीसाठी ठेवायची कशी, हा प्रश्न उरतोच. ती बॅटरीत साठवता येते, किंवा तिच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून हायड्रोजनच्या रूपाने ठेवता येते. त्या हायड्रोजनपासून पुन्हा वीज मिळवणारा इंधन-घट फॅराडेच्या समकालीन विल्यम ग्रोव्ह याने १८४२ पर्यंत करून दाखवला होता. ग्रोव्ह व्यवसायाने वकील होता.

या सर्व यंत्रांना फॅराडेचा हिशेब लागू आहे. एका पात्रातून एक अँपिअरचा प्रवाह अखंड तीन वर्षे सोडला, तर एक किलो हायड्रोजन मिळेल. त्यात सवलत नाही. मग आजचे संशोधक करतात काय? प्रवाहाचा हिशेब बदलता येत नाही, पण त्यामागचा दाब, म्हणजे व्होल्ट, कमी करता येतो. पाण्याच्या विघटनाला तत्त्वतः सुमारे १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक लागतात. हा वाया जाणारा भाग कमी करणे, प्लॅटिनम-इरिडियमसारख्या महागड्या धातूंऐवजी स्वस्त अग्रे शोधणे आणि ती वर्षानुवर्षे टिकवणे, हेच विद्युत-रासायनिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासाचे मुख्य काम आहे. तमिळनाडूत काराईकुडी येथे अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या जमिनीवर व देणगीवर केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था उभी राहिली. तिची पायाभरणी १९४८ साली झाली आणि १९५३ साली ती सुरू झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि पवईच्या आयआयटीतही या विषयावर काम होते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन हे तिचे उद्दिष्ट आहे. एवढ्या कामाला माणसे लागणार आहेत.

विद्यार्थी मित्रहो, आपण कला शाखेचे आहोत. आपल्यापैकी कोणी ही यंत्रे बनवणार नाही, हे खरे. परंतु आपल्या घरात आठवीत, दहावीत शिकणारी भावंडे आहेत. गणित अवघड म्हणून विज्ञान सोडू पाहणाऱ्या धाकट्या बहिणीला काराईकुडीचे नाव सांगणे आपल्याला जमण्यासारखे आहे. घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहिलेल्या आपल्यासारख्यांना रिबो, डान्स आणि रॉबर्ट यांपैकी कोणी ना कोणी भेटलेले असते. आता त्यांच्या जागी उभे राहण्याची पाळी आपली आहे. आणि स्वतःपुरते म्हणाल, तर ऐकलेले व्याख्यान घरी जाऊन पुन्हा लिहून काढायला आणि न येणारा शब्द सरांना विचारायला शिलिंगही लागत नाही.